झाडांची मोजणी आणि वनाचे भवितव्य
इंदूरच्या वनांवरून एक पाठ

इंदूर शहर माळव्याच्या पठारावर वसलेले आहे. शहरातून दक्षिणेकडे निघून महू ओलांडले की हे पठार विंध्याच्या कडेशी येऊन एकाएकी तुटते आणि घाटाघाटांनी नर्मदेच्या खोऱ्यात उतरते. पाताळपाणीचा धबधबा येथेच आहे. जवळच्या जानापावच्या टेकडीवर चंबळा नदी उगम पावते व उत्तरेकडे वळून यमुनेस मिळते. तर चोरल नदी दक्षिणेचा उतार धरून नर्मदेला जाऊन मिळते. दोन मोठ्या खोऱ्यांना पाणी पुरविणाऱ्या या कडेवर जे वन उभे आहे, ते इंदूर वनविभागाच्या इंदूर, महू, मानपूर व चोरल या परिक्षेत्रांमध्ये विभागलेले आहे.

वनशास्त्राच्या परिभाषेत हे वन उष्ण कटिबंधातील शुष्क पानझडी वन होय. साग हा त्यातील प्रमुख वृक्ष. त्याच्या जोडीला धावडा, ऐन, सालई, तेंदू, मोह, चारोळी, खैर, पळस, आवळा असे अनेक वृक्ष आढळतात. याच प्रकारची वने सातपुडा ओलांडून खानदेशात, मेळघाटात व विदर्भाच्या बऱ्याच भागात पसरलेली आहेत. म्हणूनच इंदूरच्या वनाविषयी जे सांगावयाचे, ते महाराष्ट्रातील वनाकाठच्या गावांनाही बहुतांशी लागू पडते.

श्रावण महिन्यात घाटातून जाणाऱ्या प्रवाशाला हे वन घनदाट व समृद्ध भासते. परंतु वन हिरवे आहे किंवा नाही हा एक प्रश्न आहे आणि ते टिकणार आहे किंवा नाही हा अगदी वेगळा प्रश्न आहे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर नुसत्या डोळ्यांनी पाहून मिळत नाही. त्यासाठी झाडे मोजावी लागतात, आणि तीही विशिष्ट पद्धतीने. ही पद्धत कोणती, तिच्यातून काय कळते आणि जे कळते त्यावरून वनाच्या व्यवस्थेत कोणता बदल करावा, याचा विचार या लेखात केला आहे.

गावाची खानेसुमारी आणि वनाची खानेसुमारी

एखाद्या गावाची लोकसंख्या एक हजार आहे, एवढे सांगितल्याने त्या गावाचे चित्र डोळ्यांपुढे उभे राहत नाही. त्या हजारांत मुले किती, तरुण किती, वृद्ध किती हे कळले पाहिजे. ज्या गावात केवळ वृद्ध उरले आहेत, पाळणा हलत नाही आणि शाळा ओस पडली आहे, त्या गावाची लोकसंख्या आज कितीही असली तरी त्याचे भवितव्य चिंताजनक आहे, हे कोणीही सांगेल. त्याचप्रमाणे गावात शेतकरी, सुतार, कुंभार, शिक्षक असे निरनिराळे व्यवसाय करणारे लोक आहेत की सर्वजण एकच काम करणारे आहेत, यावरही गावाचे स्वास्थ्य अवलंबून असते.

वनाचेही असेच आहे. वनात लहान रोपे, वाढती झाडे व जुने वृक्ष यांचे प्रमाण कसे आहे आणि उंचीनुसार त्यांचे थर कसे पडले आहेत, याला वनाची रचना असे म्हणतात. वनात किती जातींचे वृक्ष आहेत आणि त्या जातींची परस्परांशी वाटणी कशी झाली आहे, याला वृक्षविविधता असे म्हणतात. एकूण झाडांची संख्या, रचना आणि विविधता या तिन्ही गोष्टी एकत्र पाहिल्या तरच वनाची खरी स्थिती समजते.

मोजणीचा पूर्वेतिहास

भारतीय उपखंडात शास्त्रीय पद्धतीने वनमोजणी सुरू होण्यास पावणेदोनशे वर्षे होत आली. इ. स. १८५६ मध्ये डीट्रिश ब्रांडिस या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाची ब्रह्मदेशातील पेगू प्रांताच्या सागवनांवर अधीक्षक म्हणून नेमणूक झाली. ठरावीक मार्गाने वनातून जात असता दोन्ही बाजूंची सागाची झाडे जाडीनुसार चार गटांत मोजण्याची रीत त्याने घालून दिली. प्रत्येक गटासाठी लाकडाचा एक तुकडा हातात धरून, झाड दिसले की त्या त्या तुकड्यावर चाकूने खूण करावयाची, अशी ती साधी युक्ती होती. पुढे १८६४ मध्ये हाच ब्रांडिस भारताचा पहिला वनमहानिरीक्षक झाला.

त्या मोजणीचा हेतू मर्यादित होता. लाकूड किती निघेल आणि दरवर्षी किती तोडले असता साठा संपणार नाही, एवढेच तिला पाहावयाचे होते. म्हणून ती प्रामुख्याने सागाची मोजणी होती. मोह, चारोळी, तेंदू, आवळा यांची गणना त्या काळी गौण समजली जाई. मात्र वनाकाठच्या माणसाच्या घरात वर्षभर जे येत असे, ते याच झाडांपासून.

स्वातंत्र्योत्तर काळात १९६५ साली वनसंपत्तीच्या गुंतवणूकपूर्व सर्वेक्षणाचे काम सुरू झाले आणि त्यातूनच १ जून १९८१ रोजी डेहराडून येथे भारतीय वन सर्वेक्षण ही संस्था स्थापन झाली. तिचा पहिला देशव्यापी वनस्थिती अहवाल १९८७ मध्ये निघाला. तेव्हापासून सामान्यतः दर दोन वर्षांनी असे अहवाल प्रसिद्ध होत आले आहेत. २०२१ च्या अहवालानुसार मध्य प्रदेशातील वनाच्छादन ७७,४९३ चौरस किलोमीटर असून क्षेत्रफळाच्या दृष्टीने ते देशातील सर्व राज्यांत अधिक आहे.

येथे एक गोष्ट नीट समजून घेणे आवश्यक आहे. या अहवालातील वनाच्छादन उपग्रहाच्या चित्रांवरून ठरविले जाते. एक हेक्टर किंवा त्याहून मोठ्या ज्या जागेवर झाडांच्या छत्राने किमान १० टक्के जमीन झाकली आहे, ती जागा वनाच्छादनात गणली जाते. मग ती जमीन कोणाच्या मालकीची आहे आणि झाडे कोणत्या जातीची आहेत, हे त्यात पाहिले जात नाही. छत्र ७० टक्के वा अधिक असल्यास अति घनदाट, ४० ते ७० टक्के असल्यास मध्यम घनदाट आणि १० ते ४० टक्के असल्यास विरळ वन, अशी वर्गवारी केली जाते. देशाच्या पातळीवर धोरण ठरविण्यास ही माहिती फार मोलाची आहे. परंतु आकाशातून दिसते ते वरचे छत्र. त्या छत्राखाली रोप उगवले आहे की घाणेरी माजली आहे, हे पाहण्यासाठी माणसाने पायी वनात जाणेच भाग असते.

नमुना क्षेत्र कसे आखावे

संपूर्ण वनातील प्रत्येक झाड मोजणे शक्य नसते आणि त्याची गरजही नसते. भात शिजला की नाही हे पाहण्यास चार शिते पुरतात. मात्र ती भांड्याच्या एकाच कोपऱ्यातून घेऊन चालत नाही. वनातही नमुना क्षेत्रे सोयीच्या जागी, रस्त्याच्या कडेला किंवा झाडे छान दिसतात तेथे घेणे ही मोठी चूक होय. नकाशावर समान अंतराच्या उभ्या-आडव्या रेषा आखाव्यात आणि त्या जेथे एकमेकींना छेदतील, तेथेच नमुना घ्यावा. समजा, गावालगत २०० हेक्टर वन आहे. दर ४०० मीटरवर रेषा आखल्यास १६ हेक्टरांमागे एक, याप्रमाणे सुमारे १२ नमुना क्षेत्रे मिळतात. एवढे काम चार-पाच माणसांचा गट काही दिवसांत सहज करू शकतो.

नमुना क्षेत्र ३१.६२ मीटर बाजूचा चौरस घेतल्यास त्याचे क्षेत्रफळ हेक्टराचा दहावा भाग होते. मग मोजलेल्या संख्येस दहाने गुणले की हेक्टरी संख्या मिळते. चौरसाचे कोपरे काटकोनात यावेत म्हणून दोरीवर ३, ४ व ५ मीटरच्या खुणा करून त्रिकोण ताणावा; गवंडी घराचा पाया आखताना हेच करतो. वर्तुळाकार क्षेत्र घ्यावयाचे असल्यास मध्ये खुंटी ठोकून १७.८४ मीटर लांबीची दोरी फिरवावी. क्षेत्रफळ तेवढेच येते.

विंध्याच्या उतारावर मोजताना एक दक्षता घ्यावी लागते. क्षेत्रफळ आडव्या पातळीवर धरावयाचे असते. उतार ३० अंशांचा असेल तर ३१.६२ मीटर आडवे अंतर मिळविण्यासाठी उतारावर सुमारे ३६.५ मीटर चालावे लागते. ज्यांना हे गणित जड वाटेल त्यांनी टेप प्रत्येक वेळी आडवी धरून, जिन्याच्या पायऱ्यांप्रमाणे तुकड्यातुकड्यांनी अंतर मोजावे.

झाडाचा घेर जमिनीपासून १.३७ मीटर उंचीवर, म्हणजे साधारण छातीच्या उंचीवर मोजतात. उतारावर ही उंची झाडाच्या चढाकडील बाजूने धरावी. या उंचीच्या खालीच खोड दुभंगले असेल तर दोन खोडे धरावीत, वर दुभंगले असेल तर एकच. टेपखाली वेल किंवा सुटी साल येऊ देऊ नये. सीमारेषेवर आलेल्या झाडांबाबत आधीच नियम ठरवावा. उत्तर व पूर्व बाजूंवरील झाडे धरावयाची आणि उरलेल्या दोन बाजूंवरील सोडावयाची, असे केल्यास वाद राहत नाही.

लहान रोपांसाठी मोठ्या चौरसाच्या आत ३ मीटर बाजूचे छोटे चौरस आखतात आणि त्यातील प्रत्येक रोपाची जात लिहितात. बीपासून आलेले रोप, तोडलेल्या बुंध्याला आलेला फुटवा आणि मुळापासून निघालेला कोंब यांची नोंद स्वतंत्र ठेवावी. शुष्क पानझडी वनात सागासारख्या अनेक जातींची रोपे उन्हाळ्यात जमिनीपर्यंत वाळतात आणि पावसाळ्यात मुळांतून पुन्हा फुटतात. असे अनेक वर्षे चालते. वरून वीतभर दिसणाऱ्या रोपाचे मूळ त्यामुळे पुष्कळ जुने व जाड असू शकते. अशा रोपाला वणव्यापासून व जनावरांपासून काही वर्षे संरक्षण मिळाले तर ते जोमाने वर निघते. म्हणून रोपाच्या उंचीबरोबर त्याच्या बुडाची जाडीही पाहावी.

छत्राचा अंदाज घेण्याची रीतही सोपी आहे. क्षेत्रातून ठरावीक पावलांवर थांबून सरळ वर पाहावे आणि डोक्यावर पालवी आहे की आकाश, एवढेच लिहावे. शंभरांपैकी ४५ वेळा पालवी दिसली तर छत्र ४५ टक्के. हे काम पावसाळ्यानंतर, पाने गळण्यापूर्वी करावे. चैत्रात निष्पर्ण सागाखाली उभे राहून छत्र मोजल्यास चांगले वनही उजाड ठरेल.

घेराच्या आकड्यांवरून काय कळते

झाडांची केवळ संख्या पाहिल्यास फसगत होते. खोड गोल धरले, तर घेराच्या वर्गाला १२.५७ ने भागल्यास खोडाच्या छेदाचे क्षेत्रफळ मिळते. १०० सेंटीमीटर घेराच्या खोडाचा छेद सुमारे ७९६ चौरस सेंटीमीटर भरतो आणि ५० सेंटीमीटर घेराच्या खोडाचा सुमारे १९९. म्हणजेच घेर निम्मा झाला की छेद चौथाई होतो. एक जुना वृक्ष तोडून त्या जागी चार कोवळी झाडे दाखविली तरी छेदाचा हिशेब कसाबसा बरोबरीत येतो; छाया, फळे, ढोली आणि बीजधारणा यांच्या बाबतीत तर तो मुळीच जुळत नाही.

आता रचनेकडे वळू. पुढील आकडे केवळ रीत समजावी म्हणून कल्पिलेले आहेत. समजा, दहा नमुना क्षेत्रांत, म्हणजे एकूण एक हेक्टरात, साग आणि मोह यांची झाडे पुढीलप्रमाणे आढळली :

३० सेंमीहून कमी घेर : साग १८०, मोह १
३० ते ६० सेंमी : साग ९६, मोह ०
६० ते ९० सेंमी : साग ४१, मोह १
९० ते १२० सेंमी : साग १२, मोह ३
१२० सेंमीहून अधिक : साग ३, मोह ९

सागाची संख्या लहान घेरात सर्वांत जास्त असून पुढे क्रमाने उतरत जाते. निसर्गात बहुसंख्य रोपे मोठी होण्यापूर्वीच मरतात. त्यामुळे सर्व वयांची झाडे असलेल्या निरोगी वनात असाच उतरता क्रम दिसतो. फ्रान्समधील वनाधिकारी फ्रांस्वा द लियोकूर याने १८९८ मध्ये हा क्रम गणिती स्वरूपात मांडला आणि जगभरच्या वनशास्त्रात तो आजही आधारभूत मानला जातो.

मोहाचा क्रम नेमका उलटा आहे. हेक्टरी १४ झाडे, त्यांपैकी ९ जुनी व मोठी. अशा वनात मार्च-एप्रिलमध्ये फुलांचा सडा पडेल, टोपल्या भरतील आणि मोह भरपूर आहे असे सर्वांना वाटेल. परंतु ही नऊ झाडे एकेक करून वाळू लागतील, तेव्हा त्यांची जागा घेण्यास मागे कोणी नसेल. मोहावर ज्यांची चार महिन्यांची मिळकत अवलंबून आहे, त्या कुटुंबांना हे नुकसान कळेल तेव्हा त्यावर उपाय करण्याची वेळ निघून गेलेली असेल.

मोहाची पुढची पिढी न येणे हा प्रश्न मध्य भारतातील अनेक वनप्रदेशांत परिचित आहे आणि त्याची कारणेही गूढ नाहीत. पहाटे गळलेली फुले वेचणे सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळला जातो. त्यात रोपे होरपळतात आणि आग पसरली तर वणवा लागतो. बिया तेलासाठी गोळा केल्या जातात. ज्या राहतात त्यांची उगवणशक्ती फार दिवस टिकत नाही. त्यातूनही उगवलेले रोप जनावरांच्या तोंडी पडते. येथे कोणास दोष देण्याचा प्रश्न नाही. फुले वेचणाऱ्या माणसाला त्या दिवशीची मजुरी डोळ्यांपुढे असते, आणि झाड तर त्याच्या आजोबांपासून तेथे उभेच असते. कमतरता आकड्यांत मांडली गेली तरच ती सर्वांच्या ध्यानात येते.

विविधता मोजण्याची रीत

वनात किती जाती आहेत एवढे मोजणे अपुरे ठरते. दोन वनांचे उदाहरण घेऊ. दोन्हींत शंभर झाडे व पाच जाती आहेत. पहिल्यात ९६ साग आणि उरलेल्या चार जातींचे एकेक झाड; दुसऱ्यात प्रत्येक जातीची वीस झाडे. जातींची यादी दोन्हीकडे सारखीच, पण वने सारखी नाहीत. १९४९ मध्ये एडवर्ड सिम्प्सन या संख्याशास्त्रज्ञाने यासाठी एक सुबोध माप सुचविले. वनातून डोळे मिटून दोन झाडे निवडली, तर ती भिन्न जातींची निघण्याचा संभव किती? पहिल्या वनात हा संभव शंभरांत सुमारे ८ आणि दुसऱ्यात ८० येतो. पहिल्या वनातील चार झाडे पडली की त्याची विविधताच संपली.

एखाद्या जातीचे वनातील स्थान ठरविण्यासाठी तीन गोष्टी पाहतात : एकूण झाडांत तिचा वाटा, एकूण छेदक्षेत्रात तिचा वाटा आणि किती नमुना क्षेत्रांत ती आढळली यावरून तिचा वाटा. या तीन टक्केवारींची बेरीज म्हणजे त्या जातीचे महत्त्वमूल्य. सर्व जातींचे मिळून ते ३०० होते. अमेरिकेतील कर्टिस व मॅकिंटॉश यांनी १९५१ मध्ये रूढ केलेले हे माप भारतातील वन अभ्यासात सर्रास वापरले जाते.

विविधतेचा आग्रह कशासाठी, असा प्रश्न येथे उपस्थित होईल. त्याचे एक उत्तर इंदूरमध्येच सापडते. १९२४ ते १९३१ या काळात सर अल्बर्ट हॉवर्ड यांनी इंदूरच्या वनस्पती उद्योग संस्थेत कंपोस्ट खताची जी पद्धत सिद्ध केली, ती ‘इंदूर पद्धत’ या नावाने जगभर प्रसिद्ध झाली. वनात निसर्ग एकच पीक कधी घेत नाही, अनेक जाती एकत्र वाढवितो आणि त्यांच्याच पानापाचोळ्यातून स्वतःचे खत तयार करतो, हे हॉवर्ड यांच्या विचारांचे सूत्र होते. याशिवाय जाती अनेक असल्या की फुलण्या-फळण्याचे हंगामही अनेक होतात. मोहानंतर चारोळी, मग तेंदूपत्ता, पुढे हिवाळ्यात आवळा, असे गावाच्या मिळकतीचे वर्ष भरून निघते. एकाच जातीवर किडीची धाड आली किंवा तिचा बाजारभाव पडला, तर बहुविध वन गावाला सावरते.

सागाचा वाटा वाढत जाऊन इतर जाती मागे पडण्याचे एक कारण तर गावकऱ्यांच्या नित्य पाहण्यातले आहे. गुरे सागाची पाने सहसा खात नाहीत आणि साग आगीलाही बराच दाद देत नाही. ज्या वनात चराई आणि वणवे दरवर्षी चालू राहतात, तेथे साग तगतो व इतर जातींची रोपे नाहीशी होतात. अशा वेळी सागाचे दाट पट्टे पाहून वन सुधारले असा समज होण्याचा संभव असतो.

मोजणीवरून निर्णय कसा घ्यावा

मोजणी हे साधन आहे. तिचे सार्थक निर्णयात आहे. प्रमुख लक्षणे आणि त्यांवरील उपाय पुढे दिले आहेत.

जुने वृक्ष आहेत, पण रोपेच नाहीत, असे आढळल्यास बीज व संरक्षण या दोहोंची उणीव समजावी. मोहाच्या बाबतीत पाचोळा जाळण्याऐवजी झाडून बाजूला करावा किंवा झाडाखाली जाळी बांधून फुले झेलावीत. जाळीत पडलेली फुले स्वच्छ राहतात व त्यांना भावही बरा येतो. प्रत्येक वस्तीने काही झाडांखालच्या बिया दरवर्षी न वेचता सोडाव्यात आणि उगवलेल्या रोपांभोवती काटेरी कुंपण घालावे.

रोपे भरपूर आहेत, पण मधल्या घेराची झाडे नाहीत, असे आढळल्यास दोष बीजाचा नसून चराईचा किंवा वणव्याचा आहे. येथे नवीन रोपे आणून लावणे म्हणजे पैशाचा अपव्यय होय. तो भाग काही वर्षे चराईस बंद करावा, जाळरेषा वेळेवर काढाव्यात, आणि मुळे जिवंत असलेली रोपे आपोआप वर निघू द्यावीत.

बारीक झाडांची अतोनात दाटी असल्यास विरळणी करावी. तोडलेल्या सागाच्या एका बुंध्याला पाच-सहा फुटवे आले असतील तर जोमदार असा एकच राखावा.

छत्र विरळ आणि खाली घाणेरी माजलेली असल्यास ती केवळ वरून तोडून उपयोग नाही. मुळाचा गड्डा जमिनीखाली तोडून काढावा, झुडूप उलटे करून वाळू द्यावे आणि मोकळ्या जागेत स्थानिक गवत व रोपे येतील अशी व्यवस्था करावी.

एखादी जात बारा नमुना क्षेत्रांपैकी एखाद्यातच आढळली तर ते झाड तोडीसाठी कधीही खुणावू नये. तेच त्या जातीचे बियाणे होय.

कोणी मोजावे

वनविभागाची कामे साधारणतः दहा वर्षांसाठी तयार केलेल्या कार्य आयोजनेनुसार चालतात. सर्वोच्च न्यायालयाच्या १२ डिसेंबर १९९६ च्या आदेशानंतर तर मान्य कार्य आयोजनेशिवाय वनात तोड करता येत नाही. आयोजनेच्या मुळाशी हीच मोजणी असते. म्हणून वनरक्षकाने भरलेला घेराचा प्रत्येक आकडा पुढील दहा वर्षांच्या निर्णयावर परिणाम करतो, ही जाणीव अधिकाऱ्यांनी ठेवावी व कर्मचाऱ्यांना द्यावी.

परंतु हे काम आता केवळ वनखात्याचे राहिलेले नाही. १९९० मध्ये केंद्र शासनाच्या परिपत्रकाने संयुक्त वनव्यवस्थापनाचा मार्ग खुला झाला आणि गावोगावी वनसमित्या स्थापन झाल्या. २००६ च्या वनहक्क कायद्याने तर ग्रामसभेला आपल्या सामूहिक वनाचे रक्षण व व्यवस्थापन करण्याचा हक्क दिला. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा या गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर वनावर असा हक्क मिळाला. हक्काबरोबर नियोजनाची जबाबदारी येते आणि मोजणीशिवाय नियोजन हे अंदाजाचेच ठरते. गावातील जाणत्या स्त्री-पुरुषांना झाडांच्या जाती, त्यांचे हंगाम आणि पूर्वी कोणते झाड कोठे होते हे पाठ असते. कर्मचाऱ्यांना टेप, नकाशा व हिशेब येतो. दोघांनी मिळून मोजल्यास चूक कमी होते आणि निघालेल्या आकड्यांवर दोघांचाही विश्वास बसतो.

एकदा मोजून थांबणे मात्र उपयोगाचे नाही. तमिळनाडूतील मुदुमलई येथे १९८८-८९ मध्ये ५० हेक्टरांचे कायम नमुना क्षेत्र आखण्यात आले. तेथील प्रत्येक झाडाला क्रमांक असून ठरावीक वर्षांनी ते पुन्हा मोजले जाते. कोणत्या जाती वणव्यात तगल्या, कोणत्या दुष्काळात गेल्या, हे तेथे नोंदींवरून सांगता येते. गावाला ५० हेक्टरांची आवश्यकता नाही. बारा छोट्या क्षेत्रांचे कोपरे दगडांनी पक्के करून, मोजलेल्या उंचीवर झाडाला रंगाचा पट्टा ओढून, दर पाच वर्षांनी तीच झाडे मोजली तरी पुरे. खोडावर खिळा ठोकू नये किंवा कुऱ्हाडीची खूण करू नये. राखीव वनात वा अभयारण्यात जाण्यापूर्वी वनाधिकाऱ्यांची अनुमती घ्यावी.

शाळांना हा विषय विशेष उपयुक्त आहे. इंदूरच्या सीमेवरील राळामंडळ अभयारण्य १९८९ मध्ये घोषित झाले. होळकरांचे शिकारगृह ज्या टेकडीच्या माथ्यावर उभे आहे, तिच्या उतारांवर आज विद्यार्थी वृक्ष ओळखण्यास जातात. ज्या शाळेला दूर जाणे शक्य नाही तिने गावच्या देवराईत, गायरानात किंवा शाळेच्या आवारातच दोरी ताणावी. काटकोन, वर्ग, टक्केवारी व सरासरी हे गणिताचे चार पाठ त्यात येतात, आणि विद्यार्थ्यांना आपल्या गावच्या झाडांची नावेही कळतात. मोजणीची वही मात्र परीक्षेनंतर रद्दीत जाऊ देऊ नये. ती शाळेच्या दप्तरी जपून ठेवावी, तिची एक प्रत ग्रामपंचायतीस द्यावी आणि पाच वर्षांनी येणाऱ्या विद्यार्थ्यांच्या हाती तीच वही देऊन, त्याच झाडांपुढे त्यांना उभे करावे. त्या दिवशी सर्वांत लहान घेराच्या रकान्यात मोहाचे आकडे वाढलेले दिसले, तर गावाने मधल्या काळात घेतलेले कष्ट फळास आले, असे निश्चितपणे म्हणता येईल.